धुळ्यात कमावलेलं नाव सुरतेत आणि बऱ्हाणपुरातही आपलंच राहावं म्हणून

खान्देशातल्या धंद्याला राज्याची सीमा कधी अडली नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. रावेरहून मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर हाकेवर. सुरतेतल्या उधना-लिंबायतला राहणाऱ्या आपल्या माणसांकडे काळा मसाला, बिबडे, उडदाचे पापड इथूनच जातात. मालाबरोबर नावही जातं, पण ते राखायला घरात कागद असतात तीनच: गुमास्ता, जीएसटी आणि फूड लायसन्स. यातला एकही नावावर हक्क देत नाही. तो मिळतो ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली, आणि एकाच नोंदणीने सगळ्या भारतात.

आधी नाव तपासा. ‘खान्देशी मसाला’ हे नाव कोणीही वापरू शकतो, कारण ते फक्त माल आणि मुलूख सांगतं. ‘जळगाव केळी’ला तर भौगोलिक मानांकन आहे, ते एका दुकानाचं होत नाही. त्याऐवजी समजा मसाल्याला ‘झुंबर’ म्हटलं, तर त्या शब्दाचा तिखटाशी काही संबंध नाही, म्हणून तो राखायला सोपा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. मराठीसोबत हिंदी, गुजराती उच्चार आणि इंग्रजी स्पेलिंगं बदलून पाहा. उच्चार मिळताजुळता निघाला तरी अर्ज अडतो.

मालक कोण, हे घरात बसून ठरवा. मला ही पायरी सगळ्यांत नाजूक वाटते. चक्की वडिलांनी टाकली, धंदा दोघं भाऊ बघतात आणि अर्ज धाकट्याच्या नावाने जातो. मग वाटणीच्या वेळी कागदावर नाव एकट्याचं निघतं. भागीदारी असेल तर अर्ज फर्मच्या नावानेच करा.

वर्ग निवडा. माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले आणि पापड ३० मध्ये, लोणचं आणि केळीचे वेफर्स २९ मध्ये, ताजी केळी ३१ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. अर्जाचा फॉर्म टीएम-ए, तो ऑनलाइन भरायचा. एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लहान उद्योगाला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नुसता लोगो नोंदवू नका, शब्दही नोंदवा. सुरतेतलं पाकीट गुजरातीत छापलं तरी शब्द तोच राहतो.

वापराची तारीख खरी लिहा. नाव कधीपासून वापरताय हे अर्जात विचारतात, आणि आधीपासून वापर असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं. दोन वर्षं फुगवून सांगायचा मोह टाळा. कलम ३४ प्रमाणे तुमच्या आधीपासून सुरतेत कोणी तेच नाव सातत्याने वापरत असेल, तर तुमच्या नोंदणीने त्याला थांबवता येत नाही. तोच नियम तुमच्याही बाजूने उभा राहतो, फक्त पुरावा हवा. म्हणून पहिल्या पाकिटाचा नमुना, छापखान्याचं बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, बऱ्हाणपूरच्या दुकानदाराला दिलेलं बिल हे सगळं राज्यवार वेगळ्या फायलींत ठेवा. बिलावर नुसतं फर्मचं नाव पुरत नाही, मालाचं ब्रँडचं नावही हवं. बरीच बिलं याच एका कारणाने निरुपयोगी ठरतात.

पुढे लक्ष ठेवा. रजिस्ट्रीचा तपासणी अहवाल आला की ३० दिवसांत उत्तर द्या. मग नाव रजिस्ट्रीच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतं आणि चार महिने कोणालाही हरकत घेता येते. हरकतीची नोटीस मिळाली आणि दोन महिन्यांत उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणून अर्जात रोज बघता तोच ईमेल द्या. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणीआधी छापू नका, त्याला २०२४ पर्यंत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता दंड होतो.

नोंदणीनंतर नक्कल सापडली, तर कलम १३४ मुळे दावा तुम्ही धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात घालता येतो. आधी त्या दुकानातून एक पाकीट पक्क्या बिलासह विकत घ्या आणि मगच वकिलाकडे जा.