चरबी कमी करायची तर आधी कुठला व्यायाम: एकेका स्नायूचा की सगळ्या अंगाचा?

माझ्याकडे व्यायाम शिकायला येणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी म्हणतात, "मॅडम, बाकी काही नको, फक्त पोट कमी करायचंय." बोलताना हात पोटावर असतो. रोज शंभर क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे वर उचलायचा पोटाचा व्यायाम) घालतो, असंही सांगतात. मी त्यांना लगेच तोडत नाही, कारण मुलगी तीन वर्षांची असताना मीही सलग सात महिने हेच केलं होतं. रात्री ती झोपली की चटई टाकायची आणि पोटाचे तीन व्यायाम करायचे. एकही दिवस चुकवला नाही. पहिल्या दिवशी नाभीच्या रेषेत माप ९४ सेंटीमीटर होतं, सात महिन्यांनी ९३. पोटाचे स्नायू खरोखर कणखर झाले होते, पण त्यांच्यावरची चरबी होती तिथेच होती.

त्या सात महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं. तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

चरबी शेजारच्या स्नायूला मिळत नाही

पोटावर साठलेली चरबी तिच्या खालच्या स्नायूत थेट झिरपत नाही. व्यायाम सुरू झाला की अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं रक्तातून अंगभर फिरतात. त्यांच्या प्रभावाने चरबीच्या पेशी साठा फोडतात, फॅटी अ‍ॅसिड रक्तात सोडतात आणि रक्त ती काम करणाऱ्या स्नायूकडे नेतं. म्हणजे क्रंचेस करताना पोटाचा स्नायू जी चरबी वापरतो, ती पाठीवरची असेल किंवा मांडीवरचीही. कुठली आधी उतरणार आणि कुठली शेवटपर्यंत चिकटून राहणार, हे आनुवंशिकता, वय आणि संप्रेरकं ठरवतात.

हे तपासूनही झालं आहे. १९७१ साली टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरचा चरबीचा थर मोजला गेला. वर्षानुवर्षं रॅकेट फिरवणारा हात जाड स्नायूंचा होता, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. १९८४ च्या एका प्रयोगात पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढल्या. चरबीच्या पेशी पोटावर जितक्या आकसल्या, तितक्याच पाठीवर आणि नितंबावर. पाच हजार सिट-अप्स! हा आकडा मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, कारण यापेक्षा जास्त चिकाटी कोण दाखवणार?

मग चरबी जाते तरी कुठे? ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला: १० किलो चरबी वापरली गेली की तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. नुसतं जोरजोरात श्वास घेऊन काही होत नाही, स्नायूंनी ऊर्जा मागितली पाहिजे. पण व्यायाम निवडताना एक साधी खूण यातून मिळते. कुठल्या हालचालीने तुम्हाला धाप लागते?

तेच दोन डंबेल, दोन व्यायाम

प्रत्येकी ६ किलोचे दोन डंबेल घ्या. बायसेप कर्लमध्ये, म्हणजे कोपर वाकवून डंबेल खांद्याकडे आणताना, १२ किलो वजन साधारण अर्धा मीटर वर जातं. आता तेच डंबेल हातात धरून स्क्वॉट करा, म्हणजे उभ्याने खाली बसून पुन्हा उठा. तुमचं वजन ६५ किलो असेल, तर पोटऱ्या आणि पावलं सोडून सुमारे ५५ किलोचं अंग आणि १२ किलोचे डंबेल मिळून ६७ किलो जवळपास तेवढंच अंतर खाली-वर होतं. दहा रेप्सना, म्हणजे ती हालचाल दहा वेळा करायला, दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो, काम मात्र पाचपट. कर्लमध्ये फक्त कोपर वाकतं. स्क्वॉटमध्ये घोटा, गुडघा आणि खुब्याचा सांधा एकदम वाकतात, मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू कामाला लागतात आणि पाठ-पोट सगळ्याला ताठ धरून ठेवतात.

एकेकाळी मी यावरून थेट निष्कर्ष काढायचे की एकेका स्नायूचे व्यायाम म्हणजे वेळ फुकट. आता तसं म्हणत नाही. २०१७ मध्ये ३६ पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात एका गटाने ८ आठवडे फक्त एका सांध्याचे व्यायाम केले, दुसऱ्याने अनेक सांध्यांचे, आणि उचललेलं एकूण वजन दोन्हीकडे सारखं ठेवलं. चरबी दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच उतरली. दम आणि ताकद मात्र दुसऱ्या गटाची जास्त वाढली.

याचा मी लावलेला अर्थ असा: चरबीला व्यायामाचं नाव कळत नाही, एकूण काम कळतं. पण आपल्यापाशी आठवड्यातून तीनदा चाळीस-चाळीस मिनिटं असतात. तेवढ्या वेळात जास्त काम उरकायचं असेल, तर सगळं अंग हलवणाऱ्या हालचाली आधी. एकेका स्नायूचं काम नंतर, आणि तेही कारण असेल तरच.

पाच हालचाली

बसून उठणं, कमरेतून वाकून उठणं, ढकलणं, ओढणं आणि वजन घेऊन चालणं. या पाचांत सगळं अंग येतं.

बसून उठण्यासाठी खुर्चीपासून सुरुवात करा. खुर्चीला हलकेच टेकायचं, अंग सोडून द्यायचं नाही, लगेच उठायचं. ढकलण्यासाठी पुश-अप. जमिनीवर जमत नसेल तर टेबलाच्या कडेवर हात ठेवून, तेही जड वाटलं तर भिंतीवर. ओढण्यासाठी एका हाताने बाकाचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने डंबेल खिशाच्या दिशेने ओढायचा. कोपर मागे जाऊ दे, खांदा कानाकडे चढू देऊ नका. वजन घेऊन चालणं सगळ्यांत सोपं. दोन्ही हातांत जड डंबेल धरून ताठ चालायचं.

कमरेतून वाकणं मात्र शिकावं लागतं, आणि मी सर्वांत जास्त वेळ त्यावरच घालवते. वाका म्हटलं की आपण पाठ गोल करतो किंवा गुडघे वाकवून खाली बसतो. इथे यातलं काहीच नको आहे. वाक खुब्यातून यायला हवा, पेटीचं झाकण बिजागरीवर मिटतं तसा.

एक सरळ काठी घ्या आणि पाठीवर उभी धरा. एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडावर. भिंतीकडे पाठ करून एक पाऊलभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल. आता नितंब मागे न्या आणि भिंतीला टेकवा. छाती आपोआप खाली येईल, ती मुद्दाम खाली नेऊ नका. काठी एका जरी जागी सुटली तरी थांबा, वर या, पुन्हा करा. जमायला लागलं की भिंतीपासून आणखी बोटभर पुढे सरका.

नीट झालं की मांड्यांच्या मागच्या बाजूला ताण जाणवतो. ताण कमरेत जाणवला तर पाठ गोल झालेली आहे. माझ्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या विद्यार्थिनीला हे साधायला तीन आठवडे लागले. तोवर मी तिच्या हातात वजन दिलं नाही आणि तिनेही घाई केली नाही. पुढे तिने १६ किलोचं केटलबेल (वर मूठ असलेलं गोल वजन) जमिनीवरून उचललं, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

आठवडा कसा आखायचा

तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पाच मिनिटं अंग गरम करा: जागेवर चालणं, हात फिरवणं, वजनाशिवाय दहा-बारा स्क्वॉट्स. मग व्यायाम जोडीने करा. स्क्वॉटचा एक सेट, मिनिटभर थांबून ओढण्याचा एक सेट, पुन्हा मिनिटभर थांबून स्क्वॉट. एक भाग काम करतो तोवर दुसरा विश्रांती घेतो, वेळही वाचतो. अशा तीन फेऱ्या. मग कमरेतून वाकणं आणि पुश-अपची जोडी, त्याच पद्धतीने. प्रत्येक सेट ८ ते १२ रेप्सचा. शेवटी वजन घेऊन तीस-चाळीस पावलं, चार वेळा.

वजन किती? सेट संपताना आणखी दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. पाच-सहा सहज निघतील असं वाटलं तर वजन हलकं आहे. शेवटची रेप वेडीवाकडी झाली तर जड. तिन्ही सेट बारा-बाराचे झाले की पुढच्या वेळी मिळेल त्या सर्वांत लहान टप्प्याने वजन वाढवा. हे सगळं वहीत लिहा. मी वहीशिवाय कुणाला शिकवत नाही, कारण गेल्या मंगळवारी किती उचललं होतं हे कुणालाही आठवत नाही.

श्वास कोंडू नका. उचलताना सोडा, खाली आणताना घ्या. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, हर्निया, गरोदरपण किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा.

एकेका स्नायूचे व्यायाम कुठे बसवायचे

शेवटची सात-आठ मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा आणि आपला कच्चा दुवा शोधा. ओढताना पाठ थकायच्या आधी दंड थकत असेल तर बायसेप कर्ल करा. पुश-अपमध्ये कोपर सरळ होताना अडकत असाल तर ट्रायसेपचा, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूचा, व्यायाम घ्या. पोटऱ्यांना स्क्वॉटमध्ये फारसं काम पडत नाही, त्यांच्यासाठी टाचा उचलणं वेगळं करावं लागतं. खांद्याच्या बाजूच्या भागाचंही तसंच. क्रंचेस आवडत असतील तर जरूर करा, पोटाचा स्नायू मजबूत होतो. घेर कमी करायचं काम मात्र त्यांच्यावर सोपवू नका.

दुखापतीत तर हेच व्यायाम माणसाला तारतात. एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ गुडघ्यांमुळे खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठू शकत नव्हते. डॉक्टरांची परवानगी होती, तरी स्क्वॉट सुरू करणं शक्य नव्हतं. सहा आठवडे आम्ही बसून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम आणि पाठीवर झोपून नितंब उचलण्याचा व्यायाम केला. मग उंच खुर्चीवरून उठणं, मग जरा बुटक्या. त्यांना मी पहिल्या दिवशी "सगळ्या अंगाचेच व्यायाम करा" म्हटलं असतं, तर ते दुसऱ्या दिवशी आले नसते.

व्यायामाने किती होतं, किती नाही

एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. चाळीस मिनिटांच्या व्यायामात त्यातला फार छोटा हिस्सा खर्च होतो. स्नायू वाढवले की झोपेतही धडाधड चरबी जळते, हेही खरं नाही. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी वापरतो, एक किलो चरबी सुमारे साडेचार. दोन किलो स्नायू कमावले तरी दिवसाचा खर्च पंचवीस-तीस किलोकॅलरीनेच वाढतो.

चरबी उतरते ती मुख्यतः खाण्यातल्या तुटीने. रोज ३०० ते ५०० किलोकॅलरी कमी खाणं बहुतेकांना झेपतं. मग वजन उचलायचं कशाला? कारण नुसतं कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही जातात. शरीराला नियमित जड काम दिलं आणि प्रथिनं पुरेशी दिली, तर ते स्नायू राखून ठेवतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मी सुचवते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. २०१६ च्या एका प्रयोगात ४० तरुणांनी ४ आठवडे खूप कमी खाऊन कडक व्यायाम केला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि स्नायू धरून चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं. १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची ३.५ किलो चरबी गेली, पण चरबीविरहित वजन जवळपास जागच्या जागीच राहिलं.

मधल्या दिवशी चाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवला आहे. आपले तीन दिवस त्यात बसतात, बाकीचं चालण्याने भरून निघतं.

मोजायचं कसं

आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, सकाळी काही खायच्या आधी, श्वास सहज सोडून नाभीच्या रेषेत टेप लावा. पोट आत ओढू नका. वजनकाट्यावर रोजच्या पाण्याचा चढउतार दिसतो आणि पाळीच्या दिवसांत तर तो काटा फार छळतो, म्हणून एका आकड्यावरून काही ठरवू नका. चार आठवड्यांची मापं शेजारी लिहून बघा.

चार आठवड्यांत टेप हललीच नाही तर आधी खाण्याची नोंद तपासा. सुट्टीच्या दिवसांची तर नक्कीच. त्यानंतर रोजचं चालणं पंधरा मिनिटांनी वाढवा. मग वही उघडून बघा, महिन्याभरात स्क्वॉटचं वजन वाढलं आहे का. वाढलं नसेल तर पुढच्या वेळी तिथून सुरुवात करा आणि शंभर क्रंचेस तेवढ्या राहू द्या.