उद्योग आणि प्रयोगशाळेचा संयुक्त प्रस्ताव: सरकारी अनुदान मागण्याआधीची तयारी

अर्जाचा नमुना उघडण्याआधी कारखान्यातल्या मीटरकडे जा. शाश्वत औद्योगिक तंत्रज्ञानाचा प्रस्ताव उभा राहतो तो आजच्या आकड्यावर: एक टन माल काढायला सध्या किती वीज, इंधन आणि पाणी लागतं? एकूण वीजबिलाला महिन्याच्या उत्पादनाने भागून काढलेला आकडा इथे कामाचा नाही. त्यात कॉम्प्रेसर, दिवे, कार्यालय सगळंच मिसळलेलं असतं. ज्या यंत्रावर प्रयोग होणार, त्याला वेगळा मीटर लावा आणि पूर्ण भार व अर्धा भार अशा दोन्ही स्थितींत नोंदी घ्या, कारण भार उतरला की प्रति टन वीज-इंधनाचा वापर बहुधा वाढतो. ही नोंद नसेल, तर ‘30 टक्के बचत’ कशाच्या तुलनेत, याला प्रकल्पाच्या शेवटीही उत्तर मिळत नाही.

बचत नेमकी कुठून येणार तेही तपासा. सिमेंटचं उदाहरण घ्या. ते बनवताना निघणारा साधारण 60 टक्के कार्बन डायऑक्साइड इंधनातून नव्हे, चुनखडी तापून फुटताना बाहेर पडतो. त्यामुळे फक्त भट्टीतली उष्णता वाचवणाऱ्या प्रकल्पाने निम्मं उत्सर्जन घटवण्याचा दावा केला, तर जाणकार परीक्षक तो तिथेच खोडतो. संपूर्ण जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा, हिशोब आयएसओ 14040 आणि 14044 या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे मांडा आणि मोजमापाचं एकक पहिल्याच पानावर लिहा.

मग तंत्रज्ञान किती तयार आहे ते प्रामाणिकपणे ठरवा. नासात जन्मलेली 1 ते 9 अशी टीआरएलची (तंत्रज्ञानाच्या तयारीच्या पातळीची) मोजपट्टी आज बहुतेक योजना वापरतात. 4 म्हणजे प्रयोगशाळेत पडताळलेलं, 5 म्हणजे उद्योगासारख्या परिस्थितीत पडताळलेलं, 6 म्हणजे तशाच परिस्थितीत प्रात्यक्षिक दाखवलेलं. 4 वरून 5 वर जाताना सर्वाधिक प्रकल्प अडतात, असं आमचं मत. धुरावर प्रक्रिया करणाऱ्या तंत्रज्ञानाचं उदाहरण घ्या. प्रयोगशाळेत शुद्ध वायू वापरलेला असतो. धुराड्यातल्या वायूत धूळ, ओलावा आणि गंधकाची संयुगं असतात, आणि उत्प्रेरक किंवा वायू वेगळा करणारा पडदा त्यानेच निकामी होतो. म्हणून पहिल्याच वर्षी खऱ्या वायूचा एक लहान फाटा काढून त्यावर चाचणी ठेवा. ती फसली तर पुढचा खर्च थांबेल, असा टप्पा आराखड्यात स्पष्ट लिहा. परीक्षकांना तो कमकुवतपणा वाटत नाही.

भागीदाराचं पत्र ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढ्यावर संपत असेल तर परत पाठवा. चाचणीसाठी उत्पादनाची लाइन किती तास मिळणार, कच्चा माल किती किलो, कोणत्या पदावरचा अभियंता आठवड्याला किती वेळ देणार, एवढं त्यात हवंच. देखभालीसाठी कारखाना वर्षातून कधी बंद असतो ते आधी विचारा. नव्या यंत्राची जोडणी त्याच काळात होते, आणि ती वेळ चुकली की वर्ष जातं.

पैशाचे नियम प्रत्येक योजनेचे वेगळे, पण रचना समजायला युरोपीय संघाची सरकारी अनुदानाच्या नियमांची चौकट उपयोगी पडते. तिथे औद्योगिक संशोधनाला पात्र (म्हणजे योजनेत मान्य होणाऱ्या) खर्चाच्या 50 टक्के आणि प्रायोगिक विकासाला 25 टक्के ही मूळ मर्यादा आहे. लघुउद्योगाला 20 आणि मध्यम उद्योगाला 10 टक्के-अंक जास्त मिळतात, खऱ्या सहकार्याला आणखी 15, आणि एकूण कमाल 80. म्हणजे प्रायोगिक विकास करणाऱ्या लघुउद्योगाला 25, 20 आणि 15 मिळून 60 टक्के. उरलेले 40 त्याने स्वतः उभे करायचे. सहकार्याचे 15 टक्के-अंक संशोधन संस्थेमुळे हवे असतील, तर तिने किमान 10 टक्के खर्च उचलायला हवा आणि तिला स्वतःचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क हवा; नुसतं नाव जोडून भागत नाही.

इथे एक चूक फार महागात पडते. त्याच चौकटीत, अर्ज देण्याआधी यंत्राची पक्की ऑर्डर दिली तर काम आधीच सुरू झालं असं धरतात आणि अनुदान हातचं जातं. व्यवहार्यतेचा अभ्यास किंवा परवाने काढणं मात्र चालतं. कोटेशन मागवा, ऑर्डर देऊ नका. यंत्राची पूर्ण किंमत मान्य होते की फक्त प्रकल्पकाळातला घसारा, हेही वाचून घ्या, कारण त्यावर अंदाजपत्रक उलटंपालटं होतं. हप्ते खर्चाच्या हिशोबानंतर येणार असतील, तर दोन हप्त्यांमधला खर्च लहान कंपनी कुठून भागवणार, याचा महिनावार तक्ता आधीच करा.

भागीदारी करार अनुदान मंजूर होण्यापूर्वीच लिहून ठेवा. प्रत्येकाकडे आधीपासून असलेली बौद्धिक संपदा परिशिष्टात नावानिशी नोंदवा. नव्या शोधाचा मालक कोण, आणि दुसऱ्या भागीदाराला तो कोणत्या अटीवर वापरता येईल, हेही ठरवा. शोधनिबंध छापण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची तेही लिहा, कारण पेटंटचा अर्ज करण्याआधी निबंध छापून आला तर अनेक देशांत पेटंट मिळत नाही. एखादा भागीदार मध्येच बाहेर पडला तर त्याचं काम आणि उरलेला निधी कोणाकडे जाणार, हे कलम सगळ्यांचे संबंध चांगले असतानाच लिहून घ्या.