एक डोळा मिटला की उजेड निम्मा होतो का? घरीच पाहा

दिवसाउजेडातली पांढरी भिंत आणि मध्यम गडद काचांचा एक गॉगल, एवढं पुरे. सूर्याकडे मात्र गॉगल लावूनही पाहायचं नाही.

भिंतीवर कॅलेंडर किंवा निदान एखादा खिळा असू द्या. सात-आठ फुटांवर बसा, मिनिटभर दोन्ही डोळ्यांनी पाहा, मग एक डोळा तळहाताने अलगद झाका. उजेड येण्याची एक वाट बंद झाली, तरी भिंत जवळजवळ तेवढीच पांढरी राहते.

आता गॉगल तिरका धरून एकच काच उजव्या डोळ्यासमोर आणा. दोन्ही डोळे उघडे ठेवा. भिंत किंचित मळकट दिसेल. तसंच पाहता पाहता काचेमागचा उजवा डोळा मिटा. भिंत उजळते! उजेड आणखी कमी केला, तरी उजळते. पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नव्हता. घाई न करता चार-पाचदा करा. फरक डोळा मिटण्याच्या क्षणी जाणवतो. काच फार काळी असेल तर जाणवणार नाही.

19व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव फेख्नर यांनी ही विसंगती नोंदवली. दोन्ही डोळ्यांचे संदेश मेंदूत एकत्र येतात, पण त्यांची सरळ बेरीज होत नाही, सरासरीसारखं काहीतरी होतं. वर्गाची सरासरी काढताना गैरहजर मुलाला धरत नाहीत. हजर राहून कमी गुण मिळवणारा मात्र ती खाली ओढतो. मिटलेला डोळा गैरहजर. काचेमागच्या डोळ्याला खिळा, कॅलेंडर सगळं दिसतं, फक्त अंधुक, म्हणून तो हिशेबात येतो.

जमलं तर हेही करा. दोऱ्याला किल्ली बांधून कुणाला तरी ती तुमच्यासमोर डावी-उजवीकडे सरळ झुलवायला सांगा. काच एका डोळ्यासमोर, दोन्ही डोळे उघडे. किल्ली लंबगोल फिरताना दिसेल, कारण अंधुक डोळ्याचा संदेश किंचित उशिरा पोचतो. 1922 साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फरिश यांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. त्यांना स्वतःला एकाच डोळ्याने दिसत असल्याने हा परिणाम पाहता येत नव्हता.

शेवटी गॉगल बाजूला ठेवा आणि पांढरा कागद, मग एखादी लाल वस्तू, एकेका डोळ्याने आळीपाळीने पाहा. एका डोळ्याला कागद स्पष्टपणे मळकट किंवा लाल रंग फिका दिसला, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. हा फरक अचानक पडला असेल, तर त्याच दिवशी.