छोट्या गाडीला हॉट रॉडचा बाज

हॉट रॉड हा मुळात 1930 आणि 1940 च्या दशकांतल्या कॅलिफोर्नियातला गाड्यांचा प्रकार. फोर्डची मॉडेल टी, मॉडेल ए किंवा 1932 ची आठ सिलिंडरची व्ही-एट स्वस्तात घ्यायची, मडगार्ड काढून वजन घटवायचे, टप कापून बुटका करायचा, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात गाडी पळवायची. पुण्यात रोज ऑफिसला न्यायच्या ऑल्टोवर किंवा वॅगन-आरवर अशी कापाकापी करू नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. त्यामुळे सारा परिणाम रंग, रेषा आणि चाके यांतूनच साधावा लागतो, आणि तो उत्तम साधतो.

हॉट रॉडची खरी ओळख तिच्या पवित्र्यात असते: नाक खाली, पाठ वर. त्यासाठी पुढच्या स्प्रिंगा कापणे धोक्याचे आहे, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर पाहता बंपरही टिकणार नाही. मागे मोठे टायर घातल्यास एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, कामात अडथळा येऊ शकतो. याऐवजी गाडी सपाट फरशीवर उभी करावी, दोन्ही दारांवरून दोरा ताणून मास्किंग टेपची एक रेषा आखावी आणि तिचे पुढचे टोक मागच्यापेक्षा 15 ते 20 मिलिमीटर खाली ठेवावे. दहा पावले मागे जाऊन बघितले की गाडी पुढे झुकल्यासारखी वाटते. या रेषेखालचा दारांचा भाग गडद केला की गाडीची उंचीही कमी भासते. टेप चिकटवून गाडी एक-दोन दिवस तशीच ठेवावी, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पाहावी आणि मगच काम पुढे न्यावे.

चाकांच्या बाबतीत लोखंडी डिस्क असलेले साधे मॉडेल फायद्याचे ठरते, कारण हॉट रॉडला अलॉय शोभत नाही. प्लॅस्टिकचे व्हील कप काढून डिस्क गडद लाल किंवा मलई रंगाची करून घ्यावी. मात्र नट जिथे बसतात आणि डिस्क जिथे हबला टेकते, तिथे रंगाचा थर चढू देऊ नये, नाहीतर नट सैल पडतात. मधोमध क्रोमची गोल टोपी हवी. ती नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारावी किंवा बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात शोधावी, पण जाताना डिस्कचे माप बरोबर न्यावे आणि घट्ट न बसणारी टोपी घेऊ नये. टायरवरचा पांढरा पट्टा लवचीक टायर पेंटनेच काढावा. 145/80 मापाच्या टायरची बाजू 116 मिलिमीटर उंच असते. तिच्यावर 25 ते 30 मिलिमीटरचा पट्टा प्रमाणात दिसतो. रबराची सुटी पांढरी कडी मात्र टाळावीत, कारण वेगात ती फडफडून टायरला घासतात.

बॉनेटवरच्या ज्वाळा रेडियमवाल्याकडून कापून घेता येतात. फिल्म कास्ट प्रकारचीच मागावी, कारण ती वळणांवर नीट बसते आणि उन्हात कमी आकसते. ज्वाळेची टोके थेंबासारखी निमुळती आणि मधल्या खाचा गोल हव्यात. रंग नाकाजवळ पिवळा, पुढे नारिंगी आणि टोकाला लाल. कडेने दोन-तीन मिलिमीटरची बारीक रेघ मात्र हातानेच ओढून घ्यावी, कारण तिच्यामुळे फिल्मची कड झाकली जाते आणि कामाला जीव येतो. पुण्यात पाट्या रंगवणारे जुने हात अजून आहेत. लांब केसांचा ब्रश आणि इनॅमल घेऊन असा पेंटर एका दमात जी रेघ ओढतो, तिची सर मशीनला नाही. हे काम पावसाळ्यात करू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा सर्वांत चांगली.

जाळीला उभ्या बारीक पट्ट्यांनी जुन्या फोर्डचा आभास देता येतो, पण रेडिएटरची हवा अडता कामा नये. आत तपकिरी रेक्झिनची उभ्या शिवणीची सीट कव्हर शोभतात. सीटमध्ये साइड एअरबॅग असल्यास त्यासाठीचीच कव्हर घ्यावीत. एअरबॅगचे स्टिअरिंग बदलू नये, काचा काळ्या करू नयेत आणि सायलेन्सरला हात लावू नये.

गाडीचा मुख्य रंगच बदलणार असाल, तर काम सुरू करण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओत चौकशी करावी आणि नव्या रंगाची नोंद आरसीवर करून घ्यावी. पूर्ण गाडीवर मॅट काळी फिल्म चढवली तरी दिसणारा रंग बदलतोच, त्यामुळे तेव्हाही हे विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद उरत नाही.