ड्रायर मध्येच बंद पडतोय? मेकॅनिकला बोलवायच्या आधी हे करून बघा

जुलैमध्ये कोकणात कपडे वाळवणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच विचारा. पडवीत दोरी, माळ्यावर दोरी, पंख्याखाली दोरी, आणि चौथ्या दिवशी पण चादरीला तो कुबट वास आहेच. आमचं मालवणजवळ छोटंसं होमस्टे आहे, चादरी टॉवेल रोजचे, म्हणून इलेक्ट्रिक ड्रायर घेतला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तो वीस-पंचवीस मिनिटं चालून गप व्हायला लागला. सासूबाई रोज विचारायच्या, "आता ह्याका काय झाला?"

तर सगळ्यात आधी काही खोलू नका, नुसतं बघा. बंद पडला की घड्याळ बघायचं आणि लगेच परत स्टार्ट दाबायचं. लगेच चालू झाला तर दाराचा स्विच नाहीतर सेन्सर. नुसता हुंकार देतो किंवा काहीच करत नाही पण अर्ध्या-पाऊण तासाने मुकाट चालू होतो, तर मोटर तापतेय, तिच्या आत एक ओव्हरलोड असतो तो मोटर जळू नये म्हणून करंट तोडतो आणि थंड झाल्यावर आपोआप जोडतो. आणि पॅनलचे दिवेच गेले असतील तर आधी प्लग आणि एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) बघा. एवढ्यावरच अर्धं काम होतं खरं तर.

आमचा दुसरा प्रकार होता, म्हणजे तापणारा. यात नव्वद टक्के वेळा हवा अडलेली असते असं माझं मत. कपड्यांचे धागे अडकतात ती जाळी दर लोडनंतर साफ करायचीच, पण नुसती हाताने पुसून भागत नाही, कपड्यांच्या कंडिशनरचा पातळ थर बसतो तो डोळ्याला दिसत नाही. नळाखाली धरा, पाणी जाळीवर थांबून राहिलं तर हवा पण तिथेच थांबतेय असं समजा. जुन्या टूथब्रशने साबण लावून घासा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा.

मग गरम दमट हवा बाहेर टाकणारा मागचा पाइप. प्लग काढा, मशीन पुढे ओढा, पाइप सोडवा. आमचा चार इंची पाइप चिऱ्याच्या भिंतीतून बाहेर काढलाय, मी टॉर्च मारून बघितलं तर आत ओलसर राखाडी लोकर, गादीच्या कापसासारखी, आणि बाहेरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं छान घर बांधलेलं! मे महिन्यात मशीन बंद होतं तेव्हा बाईंनी संसार थाटला. लांब ब्रशने सगळं काढलं, एक परडी भरली. पाइप जितका आखूड आणि सरळ तितकं बरं, मशीन भिंतीला चेपून ठेवलं की तो मागे चपटा होतो हे पण बघा. शंका राहिलीच तर पाइप न जोडता, खिडक्या उघड्या ठेवून, समोर उभं राहून एक लोड चालवा. न थांबता चालला तर दोषी पाइपच. (खोलीत दमट वाफ आणि धागे होतात, म्हणून हे चेक करण्यापुरतंच.) तुमचा ड्रायर पाइपवाला नसेल, पाणी टाकीत साठवणारा असेल, तर टाकी रिकामी करा आणि खालचा कंडेन्सर धुवा, टाकी भरली की तो थांबतोच.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. पावसात आमच्याकडे लाइट येते-जाते ते सोडा, संध्याकाळी २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरते. २००० वॅटचा हीटर १८० वर जेमतेम १२२५ वॅट देतो, म्हणजे कपडे वाळायला जास्त वेळ आणि तेवढा वेळ मोटर कमी व्होल्टेजवर कण्हत राहते नि तापते. ड्रायर १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट-काळा थर येतो तो पण बघा, प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट बदला.

लगेच चालू होणाऱ्यांसाठी: ड्रमच्या तोंडाशी आतल्या बाजूला दोन धातूच्या पट्ट्या असतात तो ओलाव्याचा सेन्सर. त्यावर कंडिशनर बसला की मशीनला वाटतं कपडे वाळले, आणि ते थांबतं. फडक्यावर व्हिनेगर घेऊन पुसा. दोनच कपडे टाकले तरी असं होतं, ते पट्ट्यांना लागतच नाहीत. टाइमर मोडवर पूर्ण वेळ चालला तर सेन्सरच समजा. तोही नसेल तर मशीन चालू असताना दार हाताने दाबून धरा, दाबल्यावर थांबत नसेल तर स्विच झिजलाय.

एक मात्र सांगते, थर्मल फ्यूज (मशीन फार तापलं की करंट तोडणारा) त्या ओव्हरलोडसारखा नाही, उडाला की तो परत जोडत नाही, नवीनच टाकावा लागतो. आमच्याकडे आलेला पहिला मेकॅनिक म्हणाला, "डायरेक्ट करून देतो," म्हणजे फ्यूज न बसवता वायर सरळ जोडतो. नाही म्हणून सांगा. फ्यूज उडाला कारण हवा अडली होती, आणि ते धागे पेटायला वेळ लागत नाही.

आणि मेकॅनिकला फोनवरच सांगा, किती मिनिटांनी थांबतो, लगेच चालू होतो की थंड झाल्यावर, व्होल्टेज किती. म्हणजे तो पार्ट घेऊनच निघतो. आमची एक फेरी नुसती बघण्यात गेली आणि व्हिजिटचे पैसे द्यावे लागले ते वेगळेच.