एएफएसच्या टेप बॅकअपचे काम हाती घेताना

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संगणक विभागात मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एएफएस या, नेटवर्कवरील सर्व्हरवर फाइली ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमच्या टेप बॅकअपचे, म्हणजे तिच्यातील मजकुराच्या प्रती चुंबकीय टेपवर साठवण्याचे काम माझ्याकडे आले. पुण्यात शिकताना मी एनएफएस ही दुसरी नेटवर्क फाइल सिस्टिम हाताळली होती आणि फाइली एकत्र बांधून साठवणाऱ्या 'टार' या आज्ञेचा सराव होता, त्यामुळे तेवढ्यावर निभावेल असे मला वाटले होते. ते निभावले नाही. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना मी प्रथम हेच सांगते, की टेपला हात लावण्यापूर्वी व्होल्यूम, म्हणजे एकत्र हाताळला जाणारा फाइलींचा गठ्ठा, समजून घ्या.

कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात आयबीएमच्या सहकार्याने घडलेल्या आणि २००० मध्ये ओपनएएफएस या नावाने मुक्त झालेल्या या प्रणालीत फाइली व्होल्यूममध्ये राहतात, आणि व्होल्यूम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवला तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने फाइलचा मार्ग बदलत नाही. टार हे सारे नेहमीच्या डिरेक्टऱ्यांसारखे वाचते. त्यामुळे प्रत्येक डिरेक्टरीवरील परवानग्यांची यादी मागे राहते आणि माउंट पॉइंट, म्हणजे एक व्होल्यूम दुसऱ्यात जोडलेला असतो ती जागा, ओलांडून ते दुसऱ्याच व्होल्यूममध्ये शिरते. एएफएसची स्वतःची बॅकअप यंत्रणा मात्र अख्खा व्होल्यूम उचलते, म्हणून परवानग्या आणि माउंट पॉइंट जसेच्या तसे परत मिळतात.

टेपवर सहसा चालू व्होल्यूम जात नाही, तर त्याचा त्या क्षणीच्या स्थितीत गोठवलेला बॅकअप क्लोन जातो. 'व्हॉस बॅकअपसिस' ही आज्ञा रोज रात्री हे क्लोन नव्याने बनवते; मूळ मजकुराची नक्कल होत नसल्याने काम झटपट होते. हाच क्लोन घरच्या डिरेक्टरीत 'ओल्डफाइल्स' नावाने माउंट करून ठेवावा, म्हणजे आज चुकून पुसलेली फाइल विद्यार्थी टेपविना स्वतःच परत घेऊ शकतो.

माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. आमच्याकडे क्लोन बनवणारी स्क्रिप्ट एका व्यक्तीच्या टोकनवर, म्हणजे ठरावीक काळाने संपणाऱ्या ओळखीच्या परवान्यावर, चालत असे, आणि एका बुधवारी ते टोकन संपल्यावर क्लोन जुनेच राहिले. टेपचे काम रोज वेळेवर संपत होते, कुठेही त्रुटी दिसत नव्हती. फक्त वाढीव डम्पमध्ये, म्हणजे आधीच्या डम्पनंतर बदललेलेच टेपवर नेणाऱ्या प्रतीत, नवे काहीच जात नव्हते. गुरुवारी लिहिलेला आणि शनिवारी पुसला गेलेला एका संशोधक विद्यार्थिनीचा मजकूर म्हणूनच कोणत्याही टेपवर सापडला नाही. त्या दिवशी तिच्यासमोर उभे राहणे मला फार जड गेले. त्यानंतर मी ती आज्ञा एएफएसच्या प्रक्रिया सांभाळणाऱ्या 'बॉस' सर्व्हरच्या क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, प्रक्रियेत 'लोकलऑथ'सह घातली, म्हणजे ती सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीवर चालते, आणि रोज सकाळी काही व्होल्यूमच्या क्लोनची तारीख 'व्हॉस एक्झामिन'ने पाहण्याची सवय लावून घेतली.

डम्पचे स्तर, म्हणजे कोणता डम्प कशावर आधारायचा हे, ठरवताना घाई करू नका. रोजचा वाढीव डम्प आदल्या दिवसावर आधारला तर टेप कमी लागते, पण शुक्रवारचा व्होल्यूम परत आणताना रविवारच्या पूर्ण डम्पपासून साऱ्या टेप हव्या असतात. रोजचा डम्प थेट रविवारवर आधारला तर तो दिवसेंदिवस फुगतो, मात्र परत आणण्यास दोनच डम्प पुरतात. विद्यार्थ्यांच्या व्होल्यूमसाठी मी दुसरी पद्धत निवडली, कारण परीक्षेच्या आठवड्यात वेळच नसतो.

टेपची क्षमता 'एफएमएस' ही आज्ञा मोजून देते. ती कोरी टेपच लावून चालवावी, कारण टेपवरचे सारे पुसले जाते आणि मोजणीला कित्येक तास लागतात. आलेला आकडा दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी करून 'टेपकॉन्फिग' या मांडणीच्या फाइलमध्ये लिहावा, नाहीतर व्होल्यूमच्या मध्येच टेप संपण्याची शक्यता वाढते.

कोणता व्होल्यूम कोणत्या टेपवर आहे, हे बॅकअप डेटाबेसला ठाऊक असते, आणि म्हणून त्या डेटाबेसचाही बॅकअप 'सेव्हडीबी'ने वेगळ्या टेपवर घ्यावा लागतो. ती टेप बाकीच्या टेपबरोबर एकाच कपाटात ठेवू नका आणि तिच्या वेष्टनावर तारीख हाताने लिहा. ती हरवली आणि डेटाबेसही गेला, तर 'स्कॅनटेप'ने एकेक टेप वाचून नोंदी पुन्हा उभाराव्या लागतात. मी तो प्रयोग एकदा मुद्दाम सहा टेपवर करून पाहिला, तेव्हा संध्याकाळपर्यंत मशीनपाशीच बसून होते.