इंजिन माउंटचा तुटलेला बोल्ट घरच्या घरी बदलताना
रत्नागिरी-मालवणकडं समुद्राजवळ गाडी लावणाऱ्यांना माहितीये, खारी हवा बोल्ट कसा खाते ते. गिअर टाकताना धाडकन आवाज यायला लागला, इंजिन जास्तच हलतंय असं वाटलं की माउंट (इंजिन गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा आधार) बघाच, आणि बोल्ट तुटलेला दिसला तर गाडी बाहेर काढू नका.

गाडी सपाट लादीवर घ्या, बॅटरीची मायनस वायर काढा. खाली शिरायचं असेल तर गाडीला जॅक स्टँडच (वजन पेलणारे लोखंडी टेकू) लावा, जांभ्याचा चिरा टेकू म्हणून अजिबात नको, वजनाने फुटतो. इंजिनला जॅकचा आधार देताना मधे जाड फळी ठेवा नाहीतर ऑइल चेंबर चेपतो, आणि इंजिन उचलायचं नाही, फक्त वजन घ्यायचं.

खरी कसोटी आत अडकलेल्या तुकड्याची. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. टोक बाहेर असेल तर वाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) पकडून थोडं पुढे थोडं मागे करत काढा. आतच असेल तर बरोब्बर मधोमध पंचने खूण ठोका, डोळ्यांना गॉगल, आणि उलट्या कटचं ड्रिल बिट लावून ड्रिल उलटं फिरवा, बऱ्याचदा तुकडा बिटाबरोबरच बाहेर येतो. नाही आला तर एक्स्ट्रॅक्टर (भोकात उलटा रुतवून तुकडा काढायचं हत्यार), पण जोर नको, तो आत मोडला की ड्रिलही लागत नाही.

भोकातले आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा. नवीन बोल्ट कंपनीचाच घ्या, जुन्याच्या डोक्यावर 10.9 (ताकदीचा आकडा) असेल तर तोच ग्रेड, तीच लांबी, तोच पिच (आट्यांमधलं अंतर). गंजत नाही म्हणून साधा स्टेनलेस घालू नका, ताकदीला कमी पडतो. आधी बोटांनी आटे धरवा, मग मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच टॉर्क रेंचने (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कसा.